परदेशातल्या रेगाटाला संघ नेताना: आधी बोट, मग तिकीट

परदेशातल्या रेगाटासाठी, म्हणजे रोइंगच्या (वल्हवण्याच्या) शर्यतींसाठी, संघ वर्षभर पाण्यावर घाम गाळतो आणि प्रवासाची आखणी मात्र शेवटच्या महिन्यात उरकतो. त्यातून ठरलेल्या चुका होतात. विमानाची तिकिटं आधी निघतात आणि बोटीचं नंतर बघू म्हणून राहून जातं. मग भाड्याची बोट भलत्याच वजनाच्या संघासाठी बनवलेली निघते, तिच्यातले बूट कुणाच्या पायाला येत नाहीत, आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आठ जण एका पान्याची वाट पाहत बोटीभोवती उभे राहतात. मी व्यवस्थापक म्हणून केलेल्या पहिल्या दौऱ्यात यातलं जवळजवळ सगळं घडलं. खेळाडूंची तयारी उत्तम होती, कामांचा क्रम चुकला होता. तो क्रम खाली मांडला आहे. यातले टप्पे पुढेमागे करू नका, विशेषतः दुसरा आणि पाचवा.

## टप्पा १: माहितीपत्रक ओळ न ओळ वाचा (सहा ते आठ महिने आधी)

एकाने वाचायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, ही पद्धत सोडा. प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि कॉक्स (बोटीत बसून दिशा आणि सूचना देणारा) या तिघांनी माहितीपत्रक स्वतंत्रपणे वाचावं, मग एकत्र बसावं. तिघांच्या नजरेत वेगवेगळ्या गोष्टी येतात.

रेगाटा म्हणजे सहा लेनचं सरळ २००० मीटर पाणी, असं गृहीत धरू नका. इंग्लंडमधल्या हेन्लीला दोनच बोटी शेजारी-शेजारी प्रवाहाविरुद्ध २११२ मीटर धावतात आणि मार्गाच्या दोन्ही कडांना लाकडी अडसर असतात. बॉस्टनच्या हेड ऑफ द चार्ल्समध्ये बोटी एकामागोमाग सोडतात. अंतर सुमारे ४.८ किलोमीटर, आणि वाटेत पूल व तीव्र वळणं. लंडनची हेड ऑफ द रिव्हर रेस भरती-ओहोटीच्या थेम्सवर साधारण ६.८ किलोमीटरची असते. मास्टर्सच्या (प्रौढ वयोगटाच्या) शर्यती बहुधा १००० मीटरच्या. अंतर आणि पाणी बदललं की सराव बदलतो, वल्ह्याचं गिअरिंग (वल्हं हाताला किती जड लागेल ते) बदलतं आणि कॉक्सचा अभ्यासही बदलतो.

वाचताना या गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या:

- नावनोंदणीची शेवटची तारीख, आणि नावं बदलायची शेवटची वेळ. वर्ल्ड रोइंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत पहिल्या फेरीपूर्वी निम्म्या खेळाडूंपर्यंत बदल करता येतो. पहिली फेरी झाल्यावर आजारपण किंवा दुखापत हीच सबब चालते. तुमच्या रेगाटाचा नियम यापेक्षा कडक असू शकतो.
- कॉक्सचं किमान वजन. वर्ल्ड रोइंगच्या शर्यतींत ते ५५ किलो आहे. कमी पडलं तर जास्तीत जास्त १५ किलोपर्यंत वजन बोटीत ठेवून भर घालता येते.
- लाइटवेट गट असेल तर मर्यादा: पुरुष ७२.५ किलो आणि संघाची सरासरी ७०. महिला ५९ आणि सरासरी ५७.
- वयाचा पुरावा लागतो का, आणि कोणत्या स्वरूपात.

## टप्पा २: बोट पक्की करा (पाच ते सहा महिने आधी)

बोट लेखी पक्की झाल्याशिवाय एकही तिकीट काढू नका. मोठ्या रेगाटाच्या आठवड्यात आयोजकांच्या आसपासची प्रत्येक चांगली एट (आठ जणांनी वल्हवायची बोट) आधीच कुणीतरी धरून ठेवलेली असते. विमानात जागा उशिरापर्यंत मिळते, बोट मिळत नाही.

आपली बोट पाठवायची की तिथे घ्यायची, हा पहिला प्रश्न. एट सतरा मीटरहून लांब असते आणि चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी जेमतेम बारा मीटर. म्हणून आंतरराष्ट्रीय शर्यतींतल्या एट तुकड्यांत सुटणाऱ्या असतात आणि कोणताही तुकडा ११.९ मीटरपेक्षा लांब चालत नाही. तुमची एट अखंड असेल तर विषय तिथेच संपला. सुटणारी असली तरी समुद्रमार्गे ती जायला आणि यायला आठवडे लागतात, आणि ऐन सरावाच्या काळात संघ बोटीविना राहतो. एका रेगाटासाठी बोट पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लागोपाठ तीन-चार शर्यती त्याच खंडात असतील तरच हिशेब जमतो. पाठवलीच तर एटीए कार्नेट काढा. परत आणायच्या सामानावर सीमाशुल्क लागू नये म्हणून हा कागद असतो आणि तो एक वर्षापर्यंत चालतो. त्यात बोटीचा क्रमांक, रिगर (वल्हं पेलणारी बाजूची चौकट), वल्ही, सगळं संख्येसह लिहावं लागतं.

भाड्याने घेताना बोट बनवणारी कंपनी, तिचा वितरक किंवा यजमान क्लब, यांपैकी कुणाशीही बोला, पण स्वतःची माहिती पहिल्याच पत्रात पूर्ण द्या: बोटीचा प्रकार, खेळाडूंचं सरासरी वजन, सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड खेळाडूचं वजन, स्ट्रोक (सगळ्यांना लय देणारा खेळाडू) कोणत्या बाजूला वल्हवतो, मधल्या दोन सीट एकाच बाजूला आहेत का, आणि वल्ह्यांची लांबी. नुसतं "एट हवी" लिहिलं तर जी रिकामी असेल ती मिळते. हलका संघ मोठ्या हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) बसला तर बोट पाण्यावर उंच राहते, वारा धरते आणि हात उंच पडतात. जड संघ लहान हलमध्ये बसला की बोट खाली जाते आणि वल्हं पाण्यातून सुटता सुटत नाही. ८५ किलोच्या सरासरीसाठी बनवलेली बोट ७० किलोच्या मुलांना रिगर खाली करून पुरती जुळत नाही.

त्यांच्याकडून हे लेखी घ्या:

- बोटीचं मॉडेल आणि ती किती वजनाच्या खेळाडूंसाठी आहे
- बोट कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून ताब्यात मिळणार
- वल्ही सोबत आहेत का. पात्याचा आकार आणि लांबी कुठून कुठपर्यंत बदलता येते
- मोडतोडीसाठी अनामत किती, आणि विमा कुणाचा
- हीच बोट त्याच रेगाटात दुसऱ्या संघालाही दिली आहे का

शेवटचा प्रश्न विचारायला बहुतेक जण विसरतात. बोट दोघांत असेल तर दोन शर्यतींच्या मधल्या वेळात रिगरची उंची, फूटस्ट्रेचर (पाय टेकवायची फळी) आणि बूट बदलावे लागतात, आणि तुमच्या आधीचा संघ उशिरा परतला तर तुमची शर्यत धोक्यात येते. आमच्याबाबतीत दुसरा संघ बोट घेऊन धक्क्याला लागला तेव्हा आमच्या शर्यतीला चाळीस मिनिटं उरली होती. त्या दिवशी आम्ही वॉर्म-अपशिवाय धावलो.

तपासा: बोटीची लेखी खात्री, बोट मिळण्याची तारीख आणि अनामत हे तिन्ही एकाच पत्रात आहेत का? नसतील तर तिसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा ३: आपल्या मापांचा एक कागद बनवा (चार महिने आधी)

आपली घरची बोट नीट लागलेली असते, म्हणून तिची मापं कुणालाच पाठ नसतात. परदेशात गेल्यावर ती मोजायला घरची बोट जवळ नसते. म्हणून एका निवांत दिवशी सगळं मोजा आणि प्रत्येक सीटसमोर आकडे लिहा:

१. स्पॅन किंवा स्प्रेड. स्कलिंगमध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही) दोन पिनांमधलं, म्हणजे वल्हं ज्याभोवती फिरतं त्या खिळ्यांमधलं, अंतर साधारण १५८ ते १६० सेंटिमीटर. स्वीपमध्ये (प्रत्येकाला एकच वल्हं) बोटीच्या मध्यरेषेपासून पिनपर्यंत साधारण ८४ ते ८६.
२. वल्ह्याची एकूण लांबी आणि इनबोर्ड (वल्ह्याचा मुठीकडचा, बोटीच्या आतला भाग).
३. सीटपासून गेटची (वल्हं अडकतं त्या कडीची) उंची. बहुतेकांची १६ ते १८ सेंटिमीटरच्या आत बसते. स्कलिंगमध्ये डाव्या-उजव्या गेटमधला फरकही लिहा.
४. पिच, म्हणजे पाण्यातल्या पात्याचा कल. बहुतेक ठिकाणी ४ अंश.
५. फूटस्ट्रेचर कोणत्या खाचेत, आणि टाचेची खोली.
६. बुटाचं माप.

आकडे बरोबर लिहिले आहेत का हे पाहायला एक ढोबळ पडताळा आहे. स्वीपमध्ये इनबोर्ड हा स्प्रेडपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर जास्त असतो. स्कलिंगमध्ये स्पॅनच्या निम्म्यात ८ मिळवले की इनबोर्ड जवळपास येतो. तुमचे आकडे यापासून तीन-चार सेंटिमीटर लांब असतील तर मोजताना टेप चुकीच्या ठिकाणी धरली असण्याची शक्यता मोठी. पुन्हा मोजा.

सावधान: हा कागद एकाच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. छापा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला, आणि दोन प्रती दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

## टप्पा ४: माणसांचे कागद (चार ते पाच महिने आधी सुरू, तिसऱ्या टप्प्याबरोबरच)

पासपोर्टपासून सुरुवात करा. मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने उरलेली असावी, हा सुरक्षित हिशेब. एखाद्याचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला की पूर्ण संघाचा व्हिसा थांबतो, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट एकाच दिवशी एकत्र पाहा. "माझा आहे" या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतं आणि त्यात प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने हवं. शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पंधरा दिवस हा कायद्याचा किमान आकडा आहे, त्याच्या भरवशावर संघ नेऊ नका. मुलाखतीची वेळच महिनाभर मिळत नाही, असंही होतं. राखीव खेळाडूंचे व्हिसाही काढा. व्हिसा नसलेला राखीव खेळाडू घरीच राहतो.

अठरा वर्षांखालील खेळाडू असतील तर आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. विम्याच्या कागदात "स्पर्धात्मक खेळ" वगळले आहेत का ते बारीक अक्षरांत शोधा. साध्या प्रवास विम्यात ते बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि हे कळतं ते मनगट मोडल्यावर.

औषधांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर खेळाडूची कारकीर्दच अडकते. प्रतिबंधित पदार्थांची जागतिक यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. प्रत्येक खेळाडूकडून तो घेत असलेलं प्रत्येक औषध आणि प्रत्येक पूरक पावडर लिहून घ्या आणि चालू वर्षाच्या यादीशी ताडून पाहा. दम्याचा सॅलब्युटॅमॉल पंप चालतो, पण मर्यादेत: चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते शर्यतीच्या काळात ठरावीक पातळीच्या वर आढळलं तर चाचणी सदोष ठरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पूर्ण बंद आहेत, म्हणून लाइटवेट खेळाडूने वजन उतरवायला त्यांना हातही लावू नये.

सावधान: थकवा आला म्हणून सलाइन लावून घेणं ही साधी गोष्ट वाटते. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन शिरेतून घेणं निषिद्ध आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय तपासणी एवढेच अपवाद. खेळाडूला पाणी पाजा, क्षार द्या. हॉटेलच्या खोलीत सलाइन नको.

## टप्पा ५: आता तिकीट काढा

बोट ताब्यात मिळण्याची तारीख हातात आहे, म्हणून पोहोचायचा दिवस आता ठरवता येतो. शरीराचं घड्याळ नव्या वेळेला जुळायला दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस धरतात, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. पाच तासांचा फरक असेल तर पाच-सहा दिवस आधी पोहोचा. तिथे घरच्यापेक्षा बरीच जास्त उष्णता असेल तर शरीराला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढं आधी जाणं जमत नसेल तर घरीच दुपारच्या उन्हात, पाण्याची काळजी घेऊन, हलका सराव सुरू करा.

बोट ज्या सकाळी मिळणार त्याच सकाळी विमान उतरवू नका. एक विमान चुकलं की पहिला सराव गेला. आणि पूर्ण संघ एकाच विमानात असावा, पण हाताचं सामान मात्र विचारपूर्वक वाटलेलं असावं. ते कसं, ते पुढे.

## टप्पा ६: सामान

हाताच्या बॅगेत: रोइंगचे बूट, शर्यतीचा एक पोशाख, कॉक्स बॉक्स (कॉक्सचा आवाज बोटभर पोहोचवणारं यंत्र), स्पीडकोच (वेग दाखवणारं यंत्र), औषधं, मापांचा कागद. सोडलेली बॅग दोन दिवस उशिरा आली तरी एवढ्यावर बोट पाण्यात उतरवता येते. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हाताच्या सामानातच न्यावे लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीला विचारावं लागतं.

सोडायच्या बॅगेत: सगळी हत्यारं. १०, ११ आणि १३ चे पाने जोडीजोडीने, अमेरिकी बनावटीच्या बोटीसाठी ७/१६ इंची पाना, स्क्रूड्रायव्हर, अॅलन कीचा संच, मापाची टेप, पिचमीटर, लेव्हल, जादा नट-वॉशर, वल्ह्याचे क्लॅम (गिअरिंग थोडं बदलायच्या चकत्या), हिल रोपसाठी (बुटाची टाच बोटीला बांधणाऱ्या दोरीसाठी) मजबूत दोरी आणि भरपूर इलेक्ट्रिकल टेप. हत्यारं दोन बॅगांत विभागा.

न्यायचंच नाही: गंज सोडवणारा स्प्रे, अॅसिटोन, रेझिन. ज्वलनशील म्हणून हे विमानात चालत नाही, बॅग उघडून काढून घेतात. तिथेच विकत घ्या. कॉक्सचं आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट न्यायचं असेल तर त्यातल्या गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्या.

बुटांवर जोर देतो. भाड्याच्या बोटीतले बूट सरासरी मापाचे असतात आणि ओले असतात. बहुतेक बोटींत बूट तीन बोल्टांवर बसतो, म्हणून आपले बूट आपल्या बोल्टांसह नेले की दहा मिनिटांत बसतात. बुटाचा पत्रा वेगळा निघू शकतो, त्यासाठी जादा वॉशर.

## टप्पा ७: पहिले दोन दिवस

उतरल्यावर झोपू देऊ नका. उजेडात चालवा, तिथल्या वेळेने जेवण द्या. पहिलं सत्र ४० मिनिटांचं, हलकं, एकही जोरदार स्ट्रोक नको. लांब प्रवासाने पाठ आखडलेली असते आणि मुलं उत्साहात असतात. पाठीच्या दुखापती याच सत्रात होतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी कॉक्सने वाहतुकीचा नकाशा समजून घेतलाच पाहिजे: सरावाच्या वेळी कोणत्या कडेने जायचं, कुठे वळायचं, शर्यती चालू असताना कुठे थांबायचं. घरच्या पाण्यावर उजवीकडून जाण्याची सवय असते आणि इथे नियम उलटा असू शकतो. समोरासमोर दोन एट धडकल्या तर बोटीसोबत माणसंही मोडतात. हेड रेस (बोटी एकामागोमाग सोडण्याची शर्यत) असेल तर कॉक्सला काठाने पूर्ण मार्ग पायी किंवा सायकलवरून दाखवा. बॉस्टनच्या वीक्स पुलाजवळचं वळण नकाशावर पाहून कळत नाही.

## टप्पा ८: भाड्याची बोट आपली करा

हात लावण्याआधी बोटीचे फोटो काढा: हल दोन्ही बाजूंनी, फिन (तळाचा पंख), बो (पुढचं टोक), प्रत्येक रिगर. जुना ओरखडा तुमच्या अनामतीतून वजा होऊ नये. आधीची मापंही लिहून ठेवा, परत करताना लागतील.

मग क्रमाने:

१. सुरक्षेच्या गोष्टी: बो बॉल (पुढच्या टोकावरचा रबरी चेंडू) घट्ट आहे का, हिल रोप शाबूत आहेत का, एका हाताच्या झटक्यात पाय सुटतो का. नियंत्रण समिती हेच तपासते आणि इथे अडलात तर बोट पाण्यात जाऊ देत नाही.
२. बूट बसवा.
३. स्पॅन लावा.
४. उंची लावा.
५. पिच सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या दोन्ही बदलांनी तो हलू शकतो.
६. वल्ह्यांची लांबी आणि इनबोर्ड. प्रत्येक वल्हं मोजा. एका संचातल्या दोन वल्ह्यांत फरक निघतो.
७. कॉक्स बॉक्सची जोडणी. बोटीतलं सॉकेट तुमच्या यंत्राला जुळत नसेल तर आजच कळू दे.

नेहमीची चूक ही की बोट "चालते आहे" म्हणून अर्धी मापं तशीच सोडून संघ पाण्यात जातो. मग तीन दिवस तोल जमत नाही आणि खेळाडू एकमेकांना दोष देतात. एका दौऱ्यात आमच्या तीन नंबरच्या सीटचं गेट सव्वा सेंटिमीटर खाली होतं. बिचाऱ्या मुलाने दोन दिवस बोलणी खाल्ली.

तपासा: पहिल्या सरावानंतर प्रत्येक नट पुन्हा आवळा. नवीन लावलेले नट पहिल्या तासात सैल होतात.

## टप्पा ९: शर्यतीचा दिवस

वेळापत्रक शर्यतीच्या वेळेपासून उलटं लिहा. वर्ल्ड रोइंगच्या पद्धतीत कॉक्स आणि लाइटवेट खेळाडूंचं वजन दिवसातल्या पहिल्या शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी होतं. ती खिडकी चुकली की पुढचं सगळं व्यर्थ. स्टार्टला सुटायच्या दोन मिनिटं आधी बोट जागेवर लागलेली हवी, उशीर झाला तर पिवळं कार्ड मिळतं. चुकीच्या सुरुवातीचंही पिवळंच. एकाच शर्यतीत दोन पिवळी झाली तर बाहेर. लाल दिवा हिरवा होताना पाहण्याचा सराव नसेल तर घरीच करून घ्या. ओरडून सोडण्याची सवय असलेला संघ दिव्यावर अर्धा स्ट्रोक मागे राहतो.

बोटीचा क्रमांक खोबणीत आहे का, सगळ्यांचे पोशाख सारखे आहेत का, हे धक्क्यावर जाण्याआधी बघा.

हरकत असेल तर शर्यत संपताच, बोट तिथून हलवण्याआधी, हात वर करून पंचांना दाखवा. धक्क्यावर येऊन भांडलात तर कुणी ऐकत नाही. हे कॉक्सला आणि कॉक्स नसलेल्या बोटीत बो सीटला आधीच सांगून ठेवा, कारण त्या क्षणी सगळे वाकून धापा टाकत असतात.

## टप्पा १०: परतताना

शेवटच्या शर्यतीनंतर लगेच बूट काढा, मापं पूर्ववत करा, बोट धुवा, पुन्हा फोटो काढा आणि मालकाच्या माणसासमोर पाहणी करून सही घ्या. सही न घेता गेलात तर अनामतीचा वाद पुढे पत्रांतून करावा लागतो. हत्यारं मोजून बॅगेत भरा.

आपली बोट किंवा वल्ही कार्नेटवर नेली असतील तर तो देश सोडताना सीमाशुल्क खिडकीवर शिक्का घ्या. विमानाने जाणारं सामान असेल तर शिक्का आधी, पट्ट्यावर नंतर. एकदा ते आत गेलं की अधिकाऱ्याला दाखवायला तुमच्या हातात काही राहत नाही, आणि शिक्का नसलेल्या सामानाचं शुल्क काही महिन्यांनी तुमच्याकडून मागितलं जातं.